इटलीचा एआय कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिलान-तुरिनला शिकायला निघालेली मुलं, पुण्यात बसून इटालियन ग्राहकांचं काम करणारे इंजिनीअर आणि ‘इटलीनं चॅटजीपीटी बंद केलं म्हणे’ एवढंच कानावर आलेली बाकीची मंडळी, अशा सगळ्यांकडून येणारे हे प्रश्न. क्रम सोयीनं लावला आहे. ज्याला जिथली घाई, त्यानं तिथून वाचावं.

इटलीनं नेमकं केलंय काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेवर स्वतंत्र कायदा केला आहे. क्रमांक 132, साल 2025. पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांच्या मंत्रिमंडळानं मसुदा मंजूर केला तो 23 एप्रिल 2024 ला. इटलीत संसदेच्या दोन्ही सभागृहांना सारखे अधिकार आहेत, त्यामुळे मसुदा दोन्हीकडे शब्दशः एकच मंजूर व्हावा लागतो. आधी सिनेट, मग कनिष्ठ सभागृह, तिथं दुरुस्त्या झाल्या म्हणून पुन्हा सिनेट, अशा फेऱ्या मारून 17 सप्टेंबर 2025 ला तो 77 विरुद्ध 55 मतांनी पक्का झाला. 10 ऑक्टोबर 2025 पासून तो लागू आहे. एकूण 28 कलमं. युरोपीय संघातल्या 27 देशांत एआयवर असा सर्वंकष राष्ट्रीय कायदा करणारा इटली पहिला.

पण युरोपचा एआय कायदा आहेच की. मग हा वेगळा कशाला?

युरोपीय संघाचा नियम 1 ऑगस्ट 2024 ला अंमलात आला आणि तो इटलीला थेट लागू आहे, त्यासाठी रोमच्या संमतीची गरज नाही. त्यातल्या सरसकट बंदीच्या गोष्टी, उदाहरणार्थ माणसांना त्यांच्या वागणुकीवरून सरकारी गुण देणं, 2 फेब्रुवारी 2025 पासून बंद झाल्या. चॅटजीपीटीसारख्या सर्वसाधारण मॉडेलांवरच्या जबाबदाऱ्या 2 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाल्या. इटलीचा कायदा या नियमात नवी बंधनं घालू शकत नाही आणि तसं तो स्वतःच सांगतो.

मग त्यात उरतं काय? युरोपनं देशांवर सोडलेलं सगळं: फौजदारी गुन्हे, न्यायालयं, वकिली-डॉक्टरकीसारखे व्यवसाय, लेखकाचा हक्क, आणि देखरेख कोणत्या खात्यानं करायची ते. माझ्या मते दोन्ही कायद्यांचा पिंडच वेगळा आहे. युरोपचा नियम यंत्राकडे बघतो आणि विचारतो, हे किती धोक्याचं? इटलीचा कायदा खुर्चीकडे बघतो आणि विचारतो, इथं माणूसच बसायला हवा का? न्यायाधीशाची खुर्ची, डॉक्टरची, लेखकाची, आईबापांची. पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नातून निघतात.

चॅटजीपीटीवरची ती बंदी याच कायद्यानं आली होती का?

नाही. ती 2023 ची गोष्ट, आणि तेव्हा ना इटलीचा एआय कायदा होता ना युरोपचा.

आदेश काढला ‘गरांते’नं. गरांते म्हणजे हमी देणारा. इटलीतल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी असलेलं हे स्वायत्त प्राधिकरण. 20 मार्च 2023 ला चॅटजीपीटीत एक गळती झाली होती: काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, काही वर्गणीदारांची पैसे भरण्याची माहितीही उघडी पडली. दहा दिवसांत, 30 मार्चला, गरांतेचा आदेश निघाला. मुद्दे साधे होते. लोकांची माहिती गोळा करून मॉडेल शिकवता, त्याला कायदेशीर आधार कोणता? ज्यांची माहिती घेतली त्यांना कळवलंत का? समोरचा वापरकर्ता लहान मूल आहे की मोठा माणूस, हे तपासता का? हे सगळं 2018 पासून लागू असलेल्या युरोपच्या डेटा संरक्षण नियमातून, म्हणजे जीडीपीआरमधून आलेलं. नवीन काहीच नाही.

तांत्रिकदृष्ट्या गरांतेनं वेबसाइट बंद केली नाही. इटलीतल्या लोकांच्या माहितीवर प्रक्रिया थांबवा, असा आदेश होता, आणि तो पाळायचा म्हणून चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःच इटलीला दार लावलं. तेव्हाचे आणि आताचेही उपपंतप्रधान मात्तेओ साल्विनी यांनी हा निर्णय प्रमाणाबाहेरचा असल्याचं जाहीर बोलून दाखवलं. म्हणजे ज्यांना हे ‘उजव्या सरकारचं पाऊल’ वाटतं, त्यांनी सरकारचाच माणूस विरोधात होता हे लक्षात घ्यावं.

28 एप्रिलला सेवा परत सुरू झाली: वय विचारणारी पायरी आली, ‘माझ्या माहितीवर मॉडेल शिकवू नका’ असं कळवण्याचा अर्ज आला, खुलासा सविस्तर झाला. प्रकरण तिथं मिटलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये गरांतेनं 1 कोटी 50 लाख युरोंचा दंड ठोठावला, शिवाय सहा महिने रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रं आणि इंटरनेटवर लोकांना याविषयी समजावून सांगा, असंही फर्मावलं. कंपनीचं म्हणणं, संबंधित काळातल्या इटलीतल्या आमच्या कमाईच्या जवळजवळ वीसपट हा दंड आहे. त्याविरुद्ध तिनं न्यायालयात दाद मागितली.

गरांतेनं आणखी कुणाकुणाला दणका दिला?

यादी लांब आहे. ठळक तेवढीच सांगतो. इंटरनेटवरचे चेहरे गोळा करून ते पोलिसांना विकणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीला मार्च 2022 मध्ये 2 कोटी युरो दंड. ‘आभासी मित्र’ देणाऱ्या रेप्लिकाला फेब्रुवारी 2023 मध्ये रोखलं, कारण वयाची तपासणीच नव्हती. तिच्या मालक कंपनीला 2025 मध्ये 50 लाख युरोंचा दंडही झाला. जानेवारी 2025 मध्ये चीनच्या डीपसीक या चॅटबॉट कंपनीला प्रश्न विचारले, तर उत्तर आलं की आम्ही इटलीत काम करतच नाही, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही. गरांतेनं तिलाही बंदी घातली. ऑक्टोबर 2025 मध्ये फोटोतल्या बाईचे कपडे ‘उतरवून’ देणाऱ्या क्लॉथऑफ या ॲपची पाळी आली.

यातलं एकही प्रकरण नव्या कायद्याखालचं नाही. इटलीत एआयवर जी खरी जरब बसली ती जुन्या कायद्यानं आणि एका हट्टी कार्यालयानं.

मग नव्या कायद्याची अंमलबजावणीही गरांतेकडेच असेल ना?

नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त वाद झाला. कायद्यानं दोन सरकारी संस्था नेमल्या. एक आजीद, म्हणजे डिजिटल इटलीची संस्था. ही तपासणी करणाऱ्या संस्थांना मान्यता देणार आणि नवीन प्रयोगांना चालना देणार. दुसरी एसीएन, राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्था. ही बाजारावर नजर ठेवणार, तपासणी करणार, दंड करणार. बँका, शेअर बाजार आणि विम्याच्या क्षेत्रात बांका दि’इतालिया, कोन्सोब आणि इव्हास या तिथल्या नेहमीच्या नियामकांचं काम तसंच राहणार. वैयक्तिक माहितीचे अधिकार गरांतेकडेच राहतात.

आक्षेप असा की आजीद आणि एसीएन सरकारच्या हाताखालच्या आहेत. उद्या सरकारच्याच एखाद्या खात्यानं चुकीचा अल्गोरिदम वापरला तर सरकारी संस्था त्याला जाब विचारणार का? गरांतेचे अध्यक्ष पास्क्वाले स्तान्त्सिओने यांनी मार्च 2024 मध्येच संसदेला लिहून हे काम स्वायत्त प्राधिकरणाकडे असावं असं सुचवलं होतं. सरकारनं ऐकलं नाही. चॅटजीपीटी प्रकरणात साल्विनी काय म्हणाले होते ते आठवलं, की हे नवल वाटत नाही.

न्यायाधीश निकाल लिहायला एआय वापरू शकतात का?

निकाल, नाही. कायद्याचा अर्थ लावणं, तो लागू करणं, वस्तुस्थिती आणि पुरावा तोलणं, आणि त्यावरून निर्णय देणं हे फक्त न्यायाधीशाचं काम, असं कायद्यात स्पष्ट आहे. कामाची आखणी, कारकुनी अशा कामांत वापर चालेल, तोही न्याय मंत्रालयाच्या नियमांत राहून.

आणि वकील, हिशेबनीस, वास्तुरचनाकार?

त्यांना वापरता येतं, पण मदतनीस म्हणून. कामात माणसाच्या बुद्धीचा वाटा मोठा असला पाहिजे. शिवाय आपण कोणतं साधन वापरतो हे अशिलाला स्वच्छ, सोप्या आणि पुरेशा शब्दांत सांगणं बंधनकारक आहे. इटलीतल्या वकिलांनी लगेच आपल्या वकीलपत्राच्या कागदात या अर्थाचा परिच्छेद घालायला सुरुवात केली. तो किती अशील वाचतात, हा निराळा प्रश्न.

कायदा यायच्या आधीचंच एक प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. मार्च 2025 मध्ये फ्लोरेन्सच्या न्यायालयात एका पक्षानं सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे दिले, आणि ते अस्तित्वातच नव्हते. वकिलाचा खुलासा: कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं चॅटजीपीटीवर शोध घेतला, मला माहीत नव्हतं. न्यायालयानं न तपासण्याबद्दल नापसंती नोंदवली, मात्र मुद्दाम फसवायचा हेतू दिसत नाही म्हणून वेगळी भरपाई लावली नाही. आज ‘सहकाऱ्यानं केलं’ हे कारण किती चालेल, मला शंका आहे.

दवाखान्यात?

निदान आणि उपचाराचा शेवटचा शब्द डॉक्टरचा. एआय वापरला जात असेल तर ते कळण्याचा रुग्णाला हक्क आहे. आणि कुणाला उपचार मिळावा, कुणाला नाही, हे भेदभाव होईल अशा निकषांवर यंत्रानं ठरवता कामा नये. संशोधनाच्या बाबतीत मात्र कायदा सैल आहे: सार्वजनिक आणि ना-नफा संस्थांना, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेली रुग्णांची माहिती नव्या संमतीशिवाय पुन्हा वापरता येते. वैद्यकीय संशोधकांना हे हवंच होतं.

सरकारी खात्यानं ‘सिस्टीमनं केलं’ म्हटलं तर?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर इटलीनं नव्या कायद्याच्या कितीतरी आधी दिलं आहे, तेही शिक्षकांच्या बदल्यांवरून.

2015 मध्ये ‘चांगली शाळा’ या नावानं शिक्षणाची मोठी फेररचना झाली. हजारो शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या 2016 मध्ये एका संगणकीय प्रणालीनं केल्या. निकाल आले आणि दक्षिणेत हलकल्लोळ झाला. गुणानुक्रमात वर असलेल्यांना घरापासून शेकडो किलोमीटर लांबची शाळा, आणि खाली असलेल्या कुणाला तरी गावाजवळची. काहींना मागितलेला प्रांतही नाही आणि मागितलेला शाळेचा स्तरही नाही. बदली म्हटल्यावर शिक्षकाच्या घरात काय वातावरण होतं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. विचारायला गेलं तर खात्याकडे एकच उत्तर: प्रणालीनं ठरवलं.

शिक्षक संघटनेनं प्रणालीचा सोर्स कोड मागितला. मंत्रालय द्यायला तयार नव्हतं. 2017 मध्ये लात्सिओ, म्हणजे रोमच्या प्रदेशाच्या, प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की ज्या प्रोग्रॅमनं निर्णय घेतला तो प्रोग्रॅमसुद्धा सरकारी दस्तऐवजच, तो दाखवावा लागेल. पुढे 2019 मध्ये, एप्रिलात आणि पुन्हा डिसेंबरात, प्रशासकीय प्रकरणांचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या कोन्सिल्यो दि स्तातोनं तीन गोष्टी बांधून दिल्या. अल्गोरिदम कसा चालतो ते कळलं पाहिजे, आणि कळलं पाहिजे म्हणजे संगणकाच्या भाषेत नव्हे, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत. निर्णय एकट्या यंत्राचा नसावा, तो तपासून बदलू शकणारा माणूस असावा. आणि त्यातून भेदभाव होऊ नये.

न्यायालयानं संगणकाला नाही म्हटलं नाही. उलट, एकाच साच्याची हजारो कामं यंत्रानं केली तर कारभार वेगवान आणि निःपक्ष होतो, असंच म्हटलं. फक्त जबाबदारी यंत्राच्या गळ्यात घालता येणार नाही. 2025 च्या कायद्याचं सरकारी कारभारावरचं कलम वाचलं की याच सूत्रांची छाप दिसते: वापर कळला पाहिजे, मागोवा घेता आला पाहिजे, निर्णयाला जबाबदार माणूसच राहील. संसदेनं न्यायालयाचा धडा गिरवला, असं म्हणायला हरकत नाही.

कंपनीत अल्गोरिदम वरिष्ठ असेल तर कामगारानं काय करायचं?

नवा कायदा म्हणतो की मालकानं कामगाराला एआयच्या वापराची माहिती द्यावी, वापर पारदर्शक असावा, माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये. कामगार मंत्रालयात यावर लक्ष ठेवणारं एक निरीक्षण मंडळही येतं. ऐकायला छान, धार कमी.

धार बघायची तर बोलोन्याला जावं लागतं. तिथल्या न्यायालयानं 31 डिसेंबर 2020 ला डिलिव्हरू कंपनीविरुद्ध निकाल दिला. घरपोच जेवण नेणाऱ्या मुलांना पाळ्या निवडायला कुणाला आधी मिळणार, हे कंपनीचा ‘फ्रँक’ नावाचा अल्गोरिदम ठरवायचा. नोंदवलेल्या पाळीला न आलेल्याचा क्रमांक घसरायचा. न येण्याचं कारण काय, हे फ्रँकला बघायचंच नव्हतं. आळसानं झोपलेला, तापानं फणफणलेला आणि संपावर गेलेला, तिघेही त्याच्या लेखी सारखेच. न्यायालयाचं म्हणणं, सगळ्यांना आंधळेपणानं सारखं वागवणं हाच इथं भेदभाव आहे, कारण आजारपण आणि संप या कायद्यानं राखलेल्या गोष्टी आहेत. खटला सीजीआयएल या कामगार महासंघाच्या संघटनांनी लढवला होता आणि त्यांना 50 हजार युरो भरपाई मिळाली. पुढच्याच वर्षी गरांतेनं डिलिव्हरूला 25 लाख आणि ग्लोव्हो या अशाच घरपोच सेवेच्या मालकीच्या फूडिन्योला 26 लाख युरो दंड केला. फूडिन्यो 2024 मध्ये पुन्हा सापडली, तेव्हा आकडा 50 लाखांवर गेला.

एक बारीक गोष्ट. 2022 मध्ये मालकांवर स्वयंचलित यंत्रणांची माहिती देण्याचं बंधन आलं होतं. 2023 मध्ये सरकारनं त्यात एक शब्द घातला: ‘पूर्णपणे’ स्वयंचलित यंत्रणा. आता साखळीत कुठंतरी एक माणूस बटण दाबायला बसवला, की आमची यंत्रणा पूर्ण स्वयंचलित नाही, असं म्हणायला कंपनी मोकळी.

डीपफेक केला तर तुरुंग होतो का?

होतो. फौजदारी संहितेत 612-क्वातेर हे नवं कलम आलं. एआयनं बनवलेला किंवा बदललेला फोटो, व्हिडिओ किंवा आवाज, जो खरा वाटून माणूस फसेल असा असेल, तो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय पसरवला आणि तिचं अन्याय्य नुकसान झालं, तर 1 ते 5 वर्षं. साधारणपणे पीडित व्यक्तीनं फिर्याद द्यावी लागते. पीडित अजाण वयाची असेल, किंवा सार्वजनिक पदाधिकाऱ्याला त्याच्या कामावरून लक्ष्य केलं असेल, तर फिर्यादीशिवायही कारवाई होते.

नीट वाचा: नुसता डीपफेक बनवणं हा गुन्हा नाही. पसरवणं, फसवण्याजोगा असणं आणि नुकसान होणं, तिन्ही लागतं. विडंबनाला त्यामुळे थोडी हवा मिळते.

या कलमाची गरज इटलीला का वाटली, याची दोन उदाहरणं. स्वतः मेलोनींचा चेहरा लावलेले अश्लील व्हिडिओ त्या पंतप्रधान होण्याआधी पसरवले गेले होते. सार्दिनियातल्या सासारीच्या न्यायालयात तो खटला चालला आणि त्यांनी 1 लाख युरोंची भरपाई मागितली. दुसरं फेब्रुवारी 2025 चं. संरक्षणमंत्री ग्विदो क्रोसेत्तो यांचा हुबेहूब आवाज काढून भामट्यांनी देशातल्या बड्या उद्योगपतींना फोन केले: परदेशात ओलीस ठेवलेल्या पत्रकारांच्या सुटकेसाठी तातडीनं पैसे हवेत, नंतर परत मिळतील. इंटर मिलान फुटबॉल क्लबचे माजी मालक मास्सिमो मोरात्ती यांनी जवळजवळ 10 लाख युरो पाठवले. पैसे नेदरलँड्समधल्या खात्यात सापडले आणि गोठवले गेले, हे त्यांचं नशीब. अर्थात ही सरळ फसवणूक, तिला जुनी कलमंही पुरतात. पण नव्या कायद्यात एआय वापरून गुन्हा केला तर शिक्षा वाढवण्याची तरतूदही आहे, आणि शेअर बाजारात खोट्या हुलकावण्या देण्यासाठी एआय वापरला तर 2 ते 7 वर्षं.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. इटलीत त्यानं चॅटबॉट वापरला तर?

तुमची संमती लागेल. 14 वर्षांखालच्या मुलांना एआय वापरायला आणि त्यातून त्यांची माहिती वापरली जायला पालकांची परवानगी हवी. 14 ते 18 मधली मुलं स्वतः संमती देऊ शकतात, पण त्यांना कळेल अशा भाषेत सगळं सांगितलेलं असलं पाहिजे. आता बारा वर्षांच्या पोरानं ‘माझं वय 18’ वर टिचकी मारली तर ओळखायचं कसं, हे कायद्यात नाही.

एआयनं काढलेल्या चित्राचा हक्क कुणाचा?

1941 चा जुना कायदा ‘प्रतिभेच्या कृतीं’ना संरक्षण देतो. 2025 मध्ये त्यात एक विशेषण घातलं: ‘मानवी’ प्रतिभेच्या. पुढे जोडलं की एआयची मदत घेतली तरी चालेल, मात्र कृती लेखकाच्या बौद्धिक श्रमातून आलेली हवी. म्हणजे एक ओळ लिहून मिळालेलं चित्र तुमचं नाही. त्यावर बसून केलेली निवड, मांडणी, फेरफार यात तुमचे श्रम दिसले तर आहे. रेघ कुठं ओढायची, ते खटल्याखटल्यानं ठरेल. मॉडेल शिकवण्यासाठी मजकूर उपसायचा तर युरोपच्या नियमांनुसार, म्हणजे लेखकानं ‘नको’ म्हटलं नसेल तरच.

रस्त्यावरचे कॅमेरे चेहरे ओळखतात का?

सार्वजनिक जागी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना इटलीनं 2021 च्या अखेरीस स्थगिती दिली, पोलीस आणि न्यायालयीन कामाचे अपवाद ठेवून; पुढे ती 2025 च्या अखेरपर्यंत वाढवली. त्याआधीच कोमो शहराची यंत्रणा गरांतेनं थांबवली होती. जानेवारी 2024 मध्ये त्रेन्तो शहराला 50 हजार युरो दंड झाला, कारण रस्त्यावरचे कॅमेरे आणि मायक्रोफोन यांतून गोळा केलेली माहिती एआयच्या संशोधन प्रकल्पांत वापरली होती आणि नावं काढून टाकण्याची पद्धत कच्ची होती. नगरपालिकेला दंड झालेला पाहून इतर शहरं जरा सावध झाली.

100 कोटी युरो देणार म्हणतात, ते खरं?

अर्धं. सरकारी मालकीच्या सीडीपी या वित्तसंस्थेच्या व्हेंचर कॅपिटल फंडातून एआय, सायबर सुरक्षा, क्वांटम तंत्रज्ञान आणि दूरसंचार यातल्या कंपन्यांत 100 कोटी युरोंपर्यंत भांडवल गुंतवता येईल. हे अनुदान नव्हे, भागभांडवल आहे. आणि त्याच कायद्यात ‘सरकारी तिजोरीवर नवा बोजा पडता कामा नये’ असंही कलम आहे. म्हणजे आजीद, एसीएन, न्यायालयं, सगळ्यांनी नवी कामं आहे त्या माणसांत आणि पैशांत उरकायची. आमच्याकडे याला ‘बोलाचीच कढी’ म्हणतात.

संगणकाची ताकद मात्र खरी आहे. बोलोन्यातला लिओनार्दो महासंगणक 2022 पासून चालतो आणि रोमच्या सापिएन्त्सा विद्यापीठानं मिनेर्वा हे इटालियन भाषेचं मॉडेल त्याच्यावरच घडवलं. छोट्या भाषांवर काम करणाऱ्यांनी मिनेर्वाकडे जरूर बघावं.

व्हॅटिकनला हा कायदा लागू होतो का?

नाही, ते वेगळं राष्ट्र. गंमत म्हणजे व्हॅटिकन सिटीनं स्वतःचा एआय हुकूम 1 जानेवारी 2025 पासूनच लागू केला, इटलीच्या नऊ महिने आधी. पोप फ्रान्सिस तर जून 2024 मध्ये इटलीतल्या जी-7 बैठकीला एआयवर बोलायला गेले होते. त्या बैठकीत सहभागी झालेले ते पहिले पोप. आणि इटालियन सरकारच्या माध्यमांविषयीच्या एआय समितीचं अध्यक्षपद पाओलो बेनान्ती या फ्रान्सिस्कन साधूकडे आहे. ‘माणूस केंद्रस्थानी’ हा शब्दप्रयोग त्या कायद्यात वारंवार का येतो, याचा थोडा उलगडा इथं होतो.

मी पुण्यात बसून इटालियन कंपनीसाठी एआय प्रणाली बनवतो. मला काय लागू?

तुम्हाला मुख्यतः युरोपचा नियम बघायचा आहे. प्रणालीचा निकाल युरोपीय संघात वापरला जात असेल तर ती कुठं बनली याला महत्त्व नाही. नोकरभरती, कर्ज, परीक्षा यांसारख्या ‘उच्च धोक्या’च्या कामांसाठी असेल तर कागदपत्रं, चाचण्या, नोंदी लागतील. ही बंधनं मुळात 2 ऑगस्ट 2026 ला सुरू व्हायची होती. नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगानं ती पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे करारात तारीख लिहिण्याआधी ताजी स्थिती बघा. शिवाय ग्राहक इटालियन सरकारी खातं असेल तर एक खास मुद्दा: महत्त्वाची माहिती इटलीच्याच भूमीवरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवणाऱ्यांना खरेदीत झुकतं माप देण्याची दिशा कायद्यानं आखली आहे.

बारामतीच्या पियाजिओत किंवा रांजणगावच्या फियाटमध्ये काम करणाऱ्यांना इटलीचा कामगारांविषयीचा भाग लागू होतो का?

नाही. मालक इटालियन असला तरी नोकरी भारतातली, कायदा भारताचा.

मिलानमध्ये प्रबंध लिहिताना चॅटजीपीटी वापरलं तर हा कायदा आडवा येईल?

कायदा नाही, विद्यापीठाचा नियम येईल. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. मार्गदर्शकाला आधीच विचारा.

कायदा मोडला तर दंड किती, आणि कधीपासून?

कमाल आकडा युरोपचा: बंदी असलेल्या वापरासाठी 3 कोटी 50 लाख युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या 7 टक्के, जे जास्त असेल ते. इटलीत हा दंड कुणी, कसा, कोणत्या पायरीनं लावायचा, हे सरकारनं स्वतंत्र हुकूमनाम्यांनी ठरवायचं आहे. संसदेनं त्यासाठी 12 महिने दिले, म्हणजे 10 ऑक्टोबर 2026 पर्यंत. पोलिसांनी एआय कसा वापरायचा, मॉडेल शिकवण्यासाठी माहिती आणि अल्गोरिदम वापरण्याचे नियम काय, यंत्रानं केलेल्या नुकसानीला जबाबदार कोण, या तीन मोठ्या गोष्टीही त्याच हुकूमनाम्यांवर सोडल्या आहेत. तोवर इटलीत एआयवरून भांडण झालं तर वकील आधी जीडीपीआर काढतो आणि गरांतेकडे अर्ज करतो.